एका झेंड्याचा माणूस

बोईसर, ३० एप्रिल २००९

गाडी बोईसरला लागायच्या आधीच दारात येऊन उभे राहा. इथे चढणारे उतरणाऱ्यांसाठी थांबत नाहीत. लोकल अजून विरारच्या पुढे आलेली नाही, ती यायला २०१३ उजाडेल. तोवर शटल आहे, पॅसेंजर आहे आणि घाईत असणाऱ्यांना फ्लाइंग राणी. पश्चिमेला बाहेर पडून एमआयडीसीच्या दिशेने थोडं चाललात, की आपण कुठे आलोय ते डोळ्यांआधी नाकाला कळतं. नवखा माणूस रुमाल काढतो, इथला माणूस चहा सांगतो.

रस्ता तसाच पुढे तारापूरला जातो. देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र तिथे १९६९पासून चालू आहे. पुढे ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. माणसांचं पुनर्वसन दुसरीकडे झालं. समुद्राचं पुनर्वसन करता येत नाही, त्यामुळे मच्छीमाराचं घर एकीकडे आणि पोट दुसरीकडे राहिलं.

आज मतदान आहे. शाळेच्या फाटकापासून ठरलेल्या अंतरावर पक्षांनी टेबलं मांडली आहेत. तुमच्या हातात एक चिठ्ठी येते. तिच्यावर लोकसभा मतदारसंघ ‘पालघर’ असं लिहिलंय. या नावाच्या लोकसभा मतदारसंघात आजवर कुणीच मत दिलेलं नाही. २००८च्या पुनर्रचनेत जुना डहाणू मतदारसंघ मोडला. शहापूरची बाजू भिवंडीकडे गेली आणि वसई-नालासोपारा इकडे आलं. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर हे चार विधानसभा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव, नालासोपारा आणि वसई खुले. लोकसभेची जागा आदिवासींसाठी राखीव राहिली, पण ती कुणाला द्यायची हे ठरवण्यात विरारच्या इमारतींतल्या लोकांचा वाटा मोठा झाला.

कमळाच्या टेबलावरचा म्हातारा कार्यकर्ता यादीत तुमचं नाव शोधतो. घाम पुसत म्हणतो, “आमचे वकीलसाहेब जंगलपट्टीतले. आता बंदरपट्टीत आणि नालासोपाऱ्यात फिरून मतं मागायची म्हणजे पुन्हा पहिलीपासून शाळा.”

वकीलसाहेब म्हणजे अ‍ॅडव्होकेट चिंतामण वनगा. जन्म १९५०चा, गाव तलासरी तालुक्यातलं कवाडा. दोनदा खासदार झालेले आणि दोनदा पडलेले. १६ मेला निकाल लागेल तेव्हा ते तिसऱ्यांदा पडलेले असतील, साधारण बारा हजार मतांनी. निवडून येतील बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव, आणि या नव्या मतदारसंघाचा पहिला खासदार विरारच्या पक्षाचा असेल.

निकालाची वाट पाहत इथे थांबू नका. हा माणूस कुठून आला ते पाहायला तेरा वर्षं मागे चला.

तलासरी, १९९६चा उन्हाळा

मोबाईल खिशातच राहू द्या, इथे त्याचा उपयोग नाही. फोन करायचा तर एसटीडी बूथ गाठावा लागेल. डहाणू रोडहून एसटी मिळते, नाहीतर खच्चून भरलेली जीप. तलासरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे, गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. पाड्यापाड्यावर कुडाची घरं, काढून ठेवलेला भाताचा पेंढा, मोहाची झाडं. माणसं मात्र कमी दिसतील. अर्धा गाव वीटभट्टीवर गेलाय, तो पाऊस पडल्यावरच परतेल. निवडणूक उन्हाळ्यात आली की इथल्या पुष्कळ मतदारांचं मत तिकडे भट्टीवरच राहतं.

झेंडे बघा. लाल बावटा जिकडे तिकडे आहे. याच तालुक्यातल्या झरी गावात मे १९४५मध्ये हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं त्यांनी ठरवलं. कम्युनिस्ट नेते श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. पुढे १९५७मध्ये श्यामराव ठाण्यातून लोकसभेत गेले आणि १९७७मध्ये लहानू कोम डहाणूतून. तुम्ही इथे पोहोचलात तेव्हा गोदावरीबाई हयात आहेत, येत्या ऑक्टोबरात जातील. त्यांचं नाव घेताना या भागातली म्हातारी माणसं आवाज खाली आणतात.

त्यामुळे तलासरीत भाजपचं काम करणं म्हणजे दिल्लीतल्या सरकारच्या विरोधात असण्याच्या आधी आपल्याच पाड्यात विरोधक असणं. तालुक्यात लाल बावटा आणि मतदारसंघात काँग्रेस. १९८०पासून सलग चार वेळा दामोदर शिंगडा इथून खासदार झालेत. बीए-एलएलबी झालेला वारली तरुण यातल्या कुठल्याही घरात सहज गेला असता. वनगा तिसऱ्या घरात गेले, ज्या घराला या तालुक्यात अजून नीट छप्परही नव्हतं.

मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांचा काळ आहे. रात्री दहाला भोंगे बंद होतात, भिंती रंगवताना माणसं इकडेतिकडे बघतात. मतपत्रिका कागदाची. फुलीचा शिक्का हातात धरून म्हातारी बाई क्षणभर थांबते. घडी उलटी घातली तर शाई दुसऱ्या चिन्हावर उमटेल आणि मत बाद होईल, हे तिला कुणीतरी बजावून पाठवलंय. ती घडी नीट घालते, पेटीत टाकते, आणि फट बोटाने चाचपून बघते.

वनगा निवडून येतात. वाजपेयींचं सरकार १६ मेला शपथ घेतं आणि तेरा दिवसांनी राजीनामा देतं. डहाणूचा नवा खासदार दिल्लीत सामान लावतोय तोवर विरोधी बाकावर जाऊन बसलेला असतो.

पुढची वर्षं भराभर उलटू द्या, कारण त्यांचा हिशोब एका ओळीत मांडता येतो. १९९८मध्ये भाजप केंद्रात सत्तेवर येतो आणि वनगा पडतात, काँग्रेसचे शंकर नम निवडून येतात. १९९९मध्ये वर्षभराचं सरकार एका मताने कोसळतं, शरद पवार काँग्रेसबाहेर पडून राष्ट्रवादी काढतात, समोरच्या मतांत फूट पडते आणि वनगा पुन्हा खासदार होतात. पाच वर्षं सत्ताधारी बाकावर काढतात. २००४मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र, शिंगडा परत.

या सगळ्यात एक गोष्ट हलत नाही, ती म्हणजे झेंडा. कधी पक्ष जिंकतो आणि माणूस पडतो, कधी माणूस जिंकतो आणि सरकार पडतं, पण पुढच्या वेळी उमेदवारीच्या अर्जावर नाव तेच आणि चिन्हही तेच.

नागपूर, डिसेंबर २००९

गरम कपडे घ्या. पालघरच्या माणसाला नागपूरची सकाळ सोसत नाही. आमदार निवासाच्या आवारात कामं घेऊन आलेल्यांची गर्दी असते आणि चहाच्या टपरीवर अर्धं मंत्रिमंडळ बनतं आणि मोडतं.

मे महिन्यात लोकसभा हरलेले वनगा ऑक्टोबरात विक्रमगडमधून विधानसभेत आले आहेत. दोनदा खासदार झालेल्या माणसाला आमदारकी म्हणजे पायरी उतरल्यासारखं वाटतं, असं गावाकडे कुणीतरी म्हणणारच. पण विक्रमगड-जव्हार-मोखाड्याच्या माणसाला विचारा. रेशन दुकान, आश्रमशाळा, वनजमिनीचा दावा, खावटी कर्ज, रोजगार हमीची थकलेली मजुरी, यातलं बहुतेक सगळं राज्याच्या हातात आहे.

प्रेक्षक गॅलरीत बसा. वाकून बघू नका, मार्शल हटकेल. भाजप-शिवसेना विरोधी बाकांवर, विरोधी पक्षनेते एकनाथ खडसे. प्रश्नोत्तराचा तास सुरू आहे. समोरच्या तारांकित प्रश्नांच्या यादीवर नजर टाका, कारण विरोधी आमदाराचं अर्धं आयुष्य या कागदावर जातं.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘अमुक तालुक्यात अमुक झाले, हे खरे आहे काय?’ मग ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ उत्तरांचाही साचा ठरलेला. ‘होय.’ ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ आणि सर्वांत लाडकं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ यादीतले वरचे मोजके प्रश्नच तासाभरात तोंडी चर्चेला येतात. आपला प्रश्न वर लागला तर उपप्रश्न विचारून मंत्र्याला कोंडीत पकडता येतं. खाली लागला तर छापील उत्तरावर भागवायचं. मग उरते लक्षवेधी, उरतो औचित्याचा मुद्दा, आणि काहीच जमलं नाही तर घोषणा देत अध्यक्षांसमोर जाणं किंवा सभात्याग. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो सभात्यागाचा येतो. छापील उत्तर मात्र आमदार घडी घालून गावी नेतो, कारण ‘अंशतः खरे आहे’ एवढं सरकारने लिहून दिलं तरी तहसीलदारापुढे तो कागद टाकता येतो.

वनगांच्या भागातून असे कोणते प्रश्न येणार, हे कळायला अधिवेशनाचं कामकाज वाचायचीही गरज नाही. जव्हारमधल्या वावर-वांगणीची बालकं १९९२मध्ये कुपोषणाने दगावली, तेव्हापासून हा भाग दर पावसाळ्यात सभागृहात येतो आणि दर हिवाळ्यात विसरला जातो. सूर्या प्रकल्पाचं धामणी धरण विक्रमगड तालुक्यात आहे. ते बांधलं गेलं डहाणू, पालघर, विक्रमगडची शेती भिजावी म्हणून. वसई-विरार वाढत गेलं, मीरा-भाईंदरची तहान वाढली आणि जलवाहिनी शहरांकडे वळली. धरणाच्या कुशीतल्या पाड्यात बाई मे महिन्यात हंडा घेऊन डवऱ्याशी बसलेली असते, आणि तिच्या तालुक्याचं पाणी पन्नास-साठ किलोमीटरवरच्या सातव्या मजल्यावर चढलेलं असतं. खासदारकीला जिथली मतं कमी पडली, त्या शहरांकडेही हे पाणी चाललंय. आमदार म्हणून याबद्दल सभागृहात ओरडता येतं, पण नळ कुणाकडे फिरवायचा ते समोरच्या बाकांवर ठरतं.

पालघर, १ ऑगस्ट २०१४

इथे मात्र जरा रेंगाळा, कारण ढोल वाजताहेत. मे महिन्यात वनगा तिसऱ्यांदा लोकसभेत गेलेत. मतं ५,३३,२०१ आणि मताधिक्य दोन लाख एकोणचाळीस हजारांचं. पाच वर्षांपूर्वी हरवणाऱ्या बळीराम जाधवांनाच हरवलंय. मोदी लाट होती, भाजप-शिवसेना युती होती. सदुसष्ट दिवसांपूर्वी शपथ घेतलेलं सरकार त्यांच्या पक्षाचं आहे.

आणि आज ठाण्याचे दोन तुकडे होऊन पालघर जिल्हा जन्माला येतोय, राज्यातला छत्तिसावा. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवर गेली होती. मोखाड्याच्या माणसाला जिल्हाधिकारी कचेरीत एका कामासाठी जायचं तर दिवस मोडायचा, मुक्काम पडायचा. आता पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा असे आठ तालुके. मुख्यालय जव्हारला हवं होतं म्हणणारे आज गप्प बसलेत, पण विसरलेले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे. जिल्हा आदिवासींच्या नावाने झाला आणि कचेरी रेल्वेच्या कडेला गेली.

हुतात्मा स्तंभाजवळ थोडं थांबा. १४ ऑगस्ट १९४२ला याच गावात गोळीबारात पाच जण पडले. पालघरला मोर्चा नवा नाही, इथे कचेरीवर चालून जाण्याची परंपरा कचेरीपेक्षा जुनी आहे.

ऑक्टोबरात विधानसभा येईल तेव्हा युती तुटलेली असेल. पालघरमधून शिवसेनेचे कृष्णा घोडा अवघ्या ५१५ मतांनी जिंकतील. हरणारे काँग्रेसचे राजेंद्र गावित. हे नाव ध्यानात ठेवा. घोडांचं पुढच्याच वर्षी निधन होईल आणि २०१६च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव अमित घोडा निवडून येतील, पुन्हा गावितांनाच हरवून. वडील गेल्यावर मुलाला उमेदवारी देण्याचा हा रिवाज दोन वर्षांनी आणखी एका घरात जाणार आहे.

बोईसर, २८ मे २०१८

पुन्हा बोईसर, पुन्हा शाळा, पुन्हा रांग. पण आता लोकल येते आणि रांगेतले निम्मे लोक मोबाईलमध्ये बघताहेत.

३० जानेवारीला दिल्लीत वनगांचं हृदयविकाराने निधन झालं. संसदेचं अर्थसंकल्पी अधिवेशन आदल्याच दिवशी सुरू झालं होतं. वय सदुसष्ट. जागा रिकामी झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात वनगा कुटुंबाने ‘मातोश्री’ गाठली आणि चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेचे उमेदवार झाले. भाजपने काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणून उभं केलं. दोन्ही पक्ष तेव्हा राज्यात आणि केंद्रात एकाच सरकारात आहेत, तरी इथे एकमेकांचे गळे धरलेत. योगी आदित्यनाथ विरारमध्ये सभा घेऊन गेले. उद्धव ठाकऱ्यांनी मुख्यमंत्री फडणवीसांच्या भाषणाची ध्वनिफीत सभेत ऐकवली, आणि फडणवीसांनी ती अर्धवट असल्याचं सांगितलं. बळीराम जाधवांची शिट्टी आहे, मार्क्सवाद्यांचे किरण गहला आहेत, काँग्रेसने वयोवृद्ध शिंगडांना उतरवलंय. ज्यांच्याशी वनगा आयुष्यभर लढले ते सगळे इथे आहेत, फक्त वनगा नाहीत.

ऊन मी म्हणतंय. यंत्रं बंद पडल्याच्या बातम्या गावागावातून येताहेत, तुमची रांगही तासभर हललेली नाही. शेवटी आत जाता. बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी उजळते. सात सेकंद ती दिसते, मग कापली जाऊन खाली पडते. तुमच्या आधीच्या काकांनी बाहेर येऊन जे विचारलं, ते या निवडणुकीवरचं सगळ्यात नेमकं भाष्य होतं. “कमळाला दिलं तर वनगांना पोचतं का, का धनुष्याला दिलं तर?”

३१ तारखेला उत्तर येतं. गावित २,७२,७८२. श्रीनिवास वनगा २,४३,२१०. जाधव २,२२,८३८. गावित साडेएकोणतीस हजारांनी विजयी.

आता पेन काढा आणि पहिल्या दोघांची बेरीज करा. ५,१५,९९२. चार वर्षांपूर्वी एकट्या चिंतामण वनगांना मिळाली होती ५,३३,२०१. म्हणजे मतांचा तो गठ्ठा जवळपास तेवढाच राहिला आणि मधून चिरला गेला. एक वाटा झेंड्याने नेला, दुसरा नावाने. या हिशोबात खोट काढता येते. धनुष्याच्या मतांत शिवसेनेची स्वतःची मतं आहेत, मतदान या वेळी निम्म्याहून थोडंच जास्त झालं, २०१४ची लाट ओसरली होती. तरी वनगांच्या जिवंतपणी जो प्रश्न कधी पडला नसता, तो या निकालाने मांडला. एखादा माणूस पंचवीस वर्षं एकाच पक्षात राहतो तेव्हा त्याला पडणारं मत नेमकं कुणाचं असतं? वनगा हयात होते तोवर ते विचारायची कुणाला गरज पडली नाही, कारण दोन्ही एकाच बटणावर होतं.

पालघर, नोव्हेंबर २०२४

शेवटच्या मुक्कामाला मन घट्ट करून या, झेंडे ओळखताना गोंधळ होईल. २०१९मध्ये लोकसभेची जागा युतीत शिवसेनेला सुटली आणि तिच्याबरोबर गावितही शिवसेनेत गेले, जिंकले. श्रीनिवास वनगांना पालघर विधानसभेची उमेदवारी मिळाली, ती अमित घोडांना बाजूला सारून, आणि ते आमदार झाले. जून २०२२मध्ये पक्ष फुटला तेव्हा ते एकनाथ शिंद्यांबरोबर गेले. २०२४च्या लोकसभेला गावितांची उमेदवारी कापली गेली, ते भाजपमध्ये परतले. खासदार झाले भाजपचे हेमंत सवरा, वनगांचे जुने सहकारी विष्णू सवरा यांचे चिरंजीव. ऑक्टोबरात गावित पुन्हा शिंद्यांच्या शिवसेनेत आले आणि पालघरची विधानसभेची उमेदवारी त्यांना मिळाली. ज्यांची उमेदवारी गेली ते विद्यमान आमदार श्रीनिवास वनगा. कॅमेऱ्यांपुढे त्यांना रडू आवरलं नाही, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

शेजारच्या बोईसरलाही तेच. विलास तरे २००९ आणि २०१४ला बहुजन विकास आघाडीकडून आमदार, २०१९ला शिवसेनेकडून पराभूत, २०२४ला शिंद्यांच्या शिवसेनेकडून विजयी.

याला नुसतं संधिसाधूपणा म्हणून मोकळं होऊ नका. राखीव जागांवर उमेदवार थोडे, पैसा आणि यंत्रणा बाहेरची, आणि सत्तेबाहेर राहिलं तर रस्त्याचं डांबरसुद्धा येत नाही, हा मतदाराचा रोजचा अनुभव. पक्ष बदलणाऱ्याला लोक नावं ठेवतात आणि मतंही देतात, कारण काम सत्तेकडूनच होतं हे त्यांना ठाऊक आहे. त्या हिशोबात वनगांचा मार्ग तोट्याचा होता. १९९६ ते २०१४ या काळात लोकसभेच्या सहा लढती, तीन जिंकल्या, तीन हरले. सत्तेच्या बाजूला असण्यापेक्षा समोर, किंवा सभागृहाबाहेरच, जास्त वर्षं गेली.

पण २०२४चा निकाल पुरा वाचा. जिल्ह्यातल्या सहा आमदारांपैकी पाच सत्ताधारी महायुतीचे. उरलेला एक डहाणूचे विनोद निकोले, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे राज्यातले एकमेव आमदार, पाच हजारांच्या आसपास मतांनी आलेले. तलासरी त्यांच्याच मतदारसंघात येते. पालघरच्या बाजूने सरकारला प्रश्न विचारणारा जिल्ह्यातला एकमेव आवाज आता वनगांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांकडे आहे. विचार दोन टोकांचे, पण चिवटपणा सारखा. जिथे सत्ता नाही तिथेही टिकायचं, हे दोघांनीही याच डोंगरात शिकून घेतलंय.

आणि विचारायला प्रश्न कमी नाहीत. सूर्याचं पाणी आहे. एमआयडीसीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं म्हणून दांडी-नवापूरचे मच्छीमार कोर्टकचेऱ्या करताहेत. शहात्तर हजार कोटींच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं आणि किनाऱ्यावर काळे झेंडे निघाले. यातला एकही प्रश्न पाच वर्षांत सुटणारा नाही, आणि पाच वर्षांत तीनदा बाजू बदलणाऱ्याकडून तो नीट मांडलाही जाणार नाही. कालपर्यंत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज त्यालाच द्यावं लागतं.

तेव्हा परतीची गाडी पकडण्याआधी एवढं करा. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की तो जिंकल्यावर काय देणार ते विचारू नका, ते तो न विचारताच सांगेल. मागची निवडणूक हरल्यावर तो कुठे होता, एवढंच विचारा.